बाग मी वाळवली

माझ्या दाजींची मोसंबीची बाग मी एका दुपारी वाळवली. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या स्टुडिओत, पंख्याखाली, खुर्चीत बसून. संगणकाच्या पडद्यावर रंगांचं एक गोल चाक होतं. त्याच्या मधोमध असलेला ठिपका मी माउसनं धरला आणि हिरव्यापासून दूर, पिवळ्या-तपकिरीकडं ओढत नेला. एकशे अठरा झाडं जागच्या जागी मेली. खाली रस्त्यावर कोणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं. मी स्वतःवर खूश होऊन चहा मागवला होता, हेही मला आठवतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं गाव करमाडच्या आत, जालना रस्ता सोडून चार-पाच किलोमीटर. आमचे वडील कचेरीत कारकून, त्यामुळे मी शहरात वाढलो. पण सुट्ट्या सगळ्या ताईच्या सासरी गेल्या. मोसंबीच्या झाडाखाली बाज टाकून झोपायचं, उठल्यावर दाजींनी सोललेलं फळ खायचं. ते साल एका लांब पट्टीत, न तुटता काढायचे आणि ती पट्टी माझ्या कानाला अडकवायचे. पुढं मी लग्नांचे व्हिडिओ काढायला लागलो तेव्हा त्यांनी माझं नाव टाकून दिलं. मला ते "काय रं व्हिडिओवाल्या" अशीच हाक मारायचे. त्या हाकेसाठी आजही माझे कान आसुसलेले असतात.

तो दुष्काळ लागोपाठचा दुसरा होता. विहिरीत तळाचा दगड दिसायला लागला होता. आसपासच्या शेतकऱ्यांनी बागा तोडून सरपण केलं. दाजींनी मात्र कुठंतरी ऐकलं की दवाखान्यातल्या सलाइनच्या रिकाम्या बाटल्या झाडाला उलट्या टांगून, नळीतून थेंब थेंब पाणी मुळाशी सोडता येतं. त्यांनी मला फोन केला. "व्हिडिओवाल्या, तुझ्या शहरात आजारी मानसं लई. बाटल्या घेऊन ये."

मी शहागंजात भंगारवाल्याकडं गेलो. त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"क्या भाई, दवाखाना खोल रहे क्या?"

"हाँ. झाडों का."

"झाडों का? और डॉक्टर कौन?"

"मेरे दाजी."

तो इतका हसला की त्याच्या तोंडातलं पान सांडलं. पण दुसऱ्या आठवड्यापासून तो बाटल्या बाजूला काढून ठेवायला लागला. मी गेलो की आत ओरडायचा, "अरे, डॉक्टरसाब का माल निकालो!" महिनाभर मी स्कूटरला दोन्हीकडं पोती बांधून त्या बाटल्या नेल्या. ताई त्या उकळून धुवायची. झाडाला चार बाटल्या, दिवसातून दोनदा भरायच्या. टँकरचं पाणी, भांड्यांचं पाणी, आंघोळीचं पाणी, सगळं एका टाकीत जमा व्हायचं आणि तांब्यानं मोजून बाटल्यांत जायचं. बुंध्याभोवती दाजींनी उसाचं पाचट हातभर जाड अंथरलं होतं.

सकाळी दाजी राउंडला निघायचे. हा त्यांचाच शब्द. हात मागं बांधून, प्रत्येक झाडाशी थांबत. "सतरा नंबर, कसं काय? नळी तुंबली व्हय तुझी?" ताई मागून बादली घेऊन असायची आणि तोंड चालवायची. "झाडांना किती इचारत्यात बघ. मला मलेरिया झाला तवा म्हनले, गोळी घे अन् झोप."

"तुला काय सलाइन लावून उल्टी टांगू का?" दाजी म्हणायचे.

गावानं त्यांना डॉक्टर म्हणायला सुरुवात केली. आधी चेष्टेनं. मग झाडं जगायला लागली तशी त्या हाकेतली चेष्टा कमी होत गेली. पलीकडच्या गावांतली माणसं बाटल्या बघायला येऊ लागली. तलाठी पंचनाम्याला आला तेव्हा दाजींनी सांगितलं, "बाग जिवंत हाय, तसंच लिहा." अनुदान घेतलं नाही. ते आयुष्यात फार शिकले नव्हते, कुठल्या पदावर नव्हते. त्या एका उन्हाळ्यात त्यांना पहिल्यांदा स्वतःचं असं नाव मिळालं होतं.

आणि मला काय हवं होतं, तेही सांगून टाकतो. मला लग्नाचा व्हिडिओवाला राहायचं नव्हतं. नवरा-नवरीला उमलत्या कमळात बसवायचं, सासरे-जावई गळाभेट हळू गतीत दाखवायची, बदाम उडवायचे, याचा मला वीट आला होता. शहरातल्या एका संस्थेनं दुष्काळावरच्या छोट्या चित्रपटांची स्पर्धा जाहीर केली. दहा मिनिटांचा चित्रपट, मोठ्या सभागृहात दाखवणार, पहिल्या येणाऱ्याचा केबलवर लावणार. मला वाटलं, हीच वेळ. सलाइन लावलेली बाग माझ्या घरातच आहे.

चित्रीकरणाच्या दिवशी दाजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तयार होते.

"माझं राहू दे," ते म्हणाले, "बाग नीट येऊ दे त्यात."

कॅमेरा सुरू झाला आणि ते हसायला लागले. लाजून नव्हे, आनंदानं. बाटली भरताना हसत होते, नळी तपासताना हसत होते, झाडाबद्दल बोलताना तर दात झाकत नव्हते. मी सारखा सांगत होतो, दाजी, हसू नका.

"काऊन? रडायला काय झालं? जगली ना बाग."

"अहो, दुष्काळाचं आहे हे."

"मंग दुष्काळाचंच सांगू राहिलो की. दुष्काळ पडला, बाग पडू दिली नाय."

मी तेव्हा शांतपणे ऐकून घेतलं असतं, तर माझा चित्रपट त्या एका वाक्यात होता. ते मला कळलं नाही. मी ट्रायपॉड अजून खाली घेतला, म्हणजे पाठीमागचं मोकळं आभाळ जास्त रखरखीत दिसेल.

स्टुडिओत टेपा पाहिल्या तर सगळीकडं हिरवं. धुरकट, मळकं, पण हिरवं. दुष्काळाच्या चित्रपटात हिरवं कसं चालेल, असं मला कोणीही म्हणालं नव्हतं. मीच म्हणालो. नवीन सॉफ्टवेअर आलं होतं, त्यात एकच रंग निवडून तेवढाच बदलता यायचा. मी हिरवा निवडला. दाजींच्या चेहऱ्याचा रंग होता तसा राहू दिला. त्यामुळे चित्र विलक्षण दिसायला लागलं: जिवंत माणूस, आणि त्याच्याभोवती सलाइनच्या बाटल्या टांगलेली मेलेली झाडं. मी खुर्ची मागं सरकवून ते किती तरी वेळ पाहत बसलो. हे मी केलं, असं वाटून अंगावर काटा आला. ती कारागिरी चांगलीच होती, हे मला आजही नाकारता येत नाही. ते नाकारता आलं असतं तर बरं झालं असतं.

एकदा हात लागला की थांबत नाही. वाळक्या पानांवरून चालण्याचा आवाज हवा होता, तर घरून कुरडया आणल्या आणि त्या वर्तमानपत्रात गुंडाळून माइकजवळ चुरल्या. ताईच्या बांगड्या आणि तिचं हसू काढून टाकलं, तिथं वाऱ्याचा आवाज भरला. दाजी एका ठिकाणी म्हणाले होते, अर्धी झाडं गेली असती तरी मी नशीब म्हनलं असतं, पन एक बी जाऊ दिलं नाय. मी "अर्धी झाडं गेली" एवढ्यावर कात्री लावली आणि त्यांच्या खाली पाहण्याचा एक तुकडा पुढं जोडला. त्या क्षणी ते प्रत्यक्षात पायातला काटा बघत होते. वर माझ्याच आवाजात निवेदन: शेवटचे श्वास मोजणारी बाग.

चित्रपट दुपारी दाखवला गेला. दाजी गावातल्या सात-आठ जणांना जीपमध्ये घालून घेऊन आले होते. सगळ्यांना सांगून आले होते की माझी बाग मोठ्या पडद्यावर येणार हाय. मी त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं. दिवे मालवले. बाग आली. पहिल्या काही क्षणांत मी त्यांच्याकडं पाहिलं, ते पुढं झुकले होते. मग झुकलेलेच राहिले.

संपल्यावर टाळ्या जोरात पडल्या. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. दाजींच्या शेजारी त्यांच्या गावचे एक काका बसले होते, तोंडानं तिखट. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय हो डॉक्टर, पेशंट दगावले व्हय?"

गावची माणसं हसली. दाजी हसले नाहीत. बाहेर पायऱ्यांवर त्यांनी मला बाजूला घेतलं. रागावलेले नव्हते. खरोखरच विचारत होते.

"त्यातली आपली बाग कोन्ती होती?"

मी म्हणालो, "दाजी, ती कला असते."

"आसंल," ते म्हणाले, आणि जीपमध्ये जाऊन बसले.

मला पहिलं बक्षीस मिळालं. आठवडाभर तो चित्रपट केबलवर रोज लागत होता. गावात त्याचा अर्थ वेगळा झाला. कोणी म्हणालं, बाग खरंच गेली, बाटल्या नुसत्या दाखवायला. कोणी म्हणालं, मेव्हण्याला हाताशी धरून बाग टीव्हीत मारली, आता मागच्या दारानं अनुदान घेतो की नाय बघा. झाडं तिथंच उभी होती, जाऊन बघता आलं असतं. पण पडद्यावर पाहिलेलं डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा पक्कं असतं, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला कोणी सांगायला नको. डॉक्टर ही हाक राहिली, फक्त ती ऐकल्यावर दाजी मान वळवेनासे झाले. पुढं पाऊस पडला, झाडांना बहर आला, तेव्हाही त्यांनी कोणाला मुद्दाम बोलावून बाग दाखवली नाही. हे सगळं मला ताईनं सांगितलं. तिनंही एकदाच सांगितलं.

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. त्या वर्षीही मोसंबीचं पोतं उस्मानपुऱ्याला आलं, रिक्षावाल्याच्या हातानं. मी दिवाळीला गेलो तेव्हा दाजी ओसरीवर होते. "या," म्हणाले. "बसा." जन्मभर मला अरे-तुरे करणारा माणूस मला "बसा" म्हणाला, आणि मी बसलो.

माफी मागायला मला त्याच दिवशी कोणी अडवलं नव्हतं. पण मी स्वतःला समजावत राहिलो की त्यांना माध्यम कळत नाही. मग समजावलं की आता फार दिवस झाले. मग बक्षिसाची ढाल मी स्टुडिओच्या कपाटावरून काढून आत ठेवली, आणि तेवढ्यानं काहीतरी फेडल्यासारखं वाटून घेतलं.

दरम्यान शहर जालना रस्त्यानं पसरत गेलं. रस्ता रुंद झाला, त्यात दाजींच्या जमिनीचा पुढचा भाग गेला. राहिलेली जमीन भावा-भावांत वाटली गेली, आणि सगळ्यांनी मिळून विकली. बाग एका आठवड्यात निघाली म्हणे. मी गेलो नाही. ताई-दाजी शहराच्या कडेला, नवीन वसाहतीतल्या एका घरात वरच्या मजल्यावर राहायला आले. खाली अंगणात एक पेरू आणि तुळस.

माझा धंदा शहराबरोबर वाढला. ड्रोन आला. प्लॉटिंगवाले मला बोलवायचे: उघड्या माळावर चुन्याच्या रेघा मारलेल्या, आणि जाहिरातीत पाहिजे हिरवाई. मी त्याच चाकातला तोच ठिपका आता उलट्या दिशेला ओढायचो. गवत उगवायचं. एकदा करमाडच्या बाजूला ड्रोन उडवताना पडद्यावर एक निळं पत्र्याचं लांबलचक गोदाम दिसलं. त्याच्या कडेची विहीर मी ओळखली. ड्रोन तसाच हवेत धरून मी उभा राहिलो. बॅटरी संपत आल्याची सूचना पिवळी झाली, मग लाल. वरून पाहताना वाटलं, इथं खाली कुठंतरी बाज असेल, आणि सालीची एक लांब पट्टी.

गेल्या वर्षी ताईचा फोन आला. दाजींची एकसष्टी करायची होती, करमाडजवळच्या मंगल कार्यालयात. तिथं मंचावर भिंतीएवढा एलईडीचा पडदा असतो.

"त्याच्यावर ह्यांच्या आयुष्याचं काहीतरी कर. फोटो मी देते. फक्त बागेचा एक बी फोटो नाय माझ्याकडं."

"एकही नाही?"

"घरात व्हिडिओवाला आसताना फोटो कशाला काढायचे, आसं वाटायचं. तुझ्याकडं आसंलच की. हिरवी आसतानाची."

"बघतो," मी म्हणालो.

माझ्याकडं नव्हती. त्या काळी कॅमेऱ्यात बोटभर टेपा असायच्या, आणि आम्हा सगळ्या लग्नवाल्यांची रीत अशी की चित्रपट जुळवून झाला की तीच टेप पुसून पुढच्या लग्नाला वापरायची. बागेच्या पाच टेपा मी पुढच्या मुहूर्तांना वापरून टाकल्या होत्या. शिल्लक होती ती फक्त स्पर्धेची डीव्हीडी. वाळलेली.

मग मी माझ्या सवयीचं काम केलं. डीव्हीडीवरून बाग घेतली आणि तिला हिरवं केलं. आताची साधनं फार पुढं गेली आहेत. पान न् पान वेगळं ओळखतात, सांगितलं तर फळंही लावतात. दोन दिवसांत अशी बाग उभी राहिली की मलाच झाडाखाली जाऊन बसावंसं वाटलं. लॅपटॉप घेऊन मी ताईकडं गेलो. दाजी दळण आणायला गेले होते. ताई ओट्यापाशी उभी राहून, हाताचं पीठ न पुसता पाहत होती.

"चांगली हाय," ती म्हणाली. "पन ही आपली नाय. त्या साली पानं अशी टवटवीत कुठं होती? काळपट होती, कडा करपलेल्या. धूळ बसलेली. मी रोज बघायची ना."

"पण ताई, लोकांना काय कळतंय?"

ती माझ्याकडं वळली. "एकदा तू तिला वाळवली. आता तूच हिरवी करू राहिला. त्यांची व्हती ती कधी दाखवनार?"

मी लॅपटॉप मिटला. दाजी येण्याआधी निघालो. जिन्यात त्यांच्या पिशवीतल्या पिठाचा वास आला, म्हणजे ते खालून येत होते. आम्ही एकमेकांना वाट दिली. "या," ते म्हणाले, मी जात असताना.

माळ्यावर टेपांची तीन खोकी होती. एवढ्या वर्षांत कोणाच्या लग्नाची टेप फेकायला हात धजला नव्हता. मला एक गोष्ट आठवली होती: पुसलेली टेप कधी पूर्ण पुसली जात नाही. नवं लग्न जिथं संपतं तिथून पुढं जुनं तसंच राहतं. लग्न टेपेपेक्षा आखूड असेल, तर शेवटी काही शिल्लक असण्याची शक्यता होती.

टेपा लावायला चालू कॅमेरा नव्हता. जुना कॅमेरा शहागंजातल्या एका दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं तो हातात वजन केल्यासारखा धरला. "ये तो अजायबघर में देने का माल है भाई." तरी त्यानं आतलं टेप वाचणारं हेड साफ करून दिलं. मग मी एकामागून एक टेपा लावून त्यांच्या शेवटापर्यंत पाहत गेलो. पुढं पळवत गेलो नाही, कारण पळवताना पट्टी तुटायची भीती होती. त्यामुळे सगळी लग्नं पुन्हा पाहावी लागली. पंगतीत आग्रह करणारी माणसं, रुसलेल्या आत्या, अक्षता टाकताना कॅमेऱ्याकडं बघणारे म्हातारे. त्यातले कितीतरी आता नाहीत. मी त्यांना तेव्हा गर्दी म्हणून चित्रित केलं होतं. एका टेपेत माझे वडील दिसले, कुणाच्यातरी लग्नात, खुर्चीवर बसून डुलकी घेताना.

आठ दिवस लागले. बहुतेक टेपांच्या शेवटी निळा पडदा होता. एका टेपेत नवरी रडत गाडीत बसली, गाडी वळली, चित्र थरथरलं, दोन आडव्या रेघा सरकल्या, आणि हिरवं आलं.

एक्केचाळीस सेकंद. काळपट पानं, करपलेल्या कडा, धूळ. ताईनं सांगितलं होतं तसंच. दाजींचा हात बाटलीवर टिचकी मारतो. मागं कुठंतरी बांगड्या वाजतात. दाजी कॅमेऱ्याकडं वळून, तोंडभर हसून म्हणतात, "ही बारा नंबर. हिला लई लाडात ठेवली." आणि कॅमेऱ्याच्या मागून माझा आवाज, तरुण, वैतागलेला: "दाजी, हसू नका ना! दहा वेळा सांगितलं." दाजींचं हसू जातं. ते शिक्षकानं दटावलेल्या मुलासारखे खाली बाटलीकडं बघायला लागतात. चित्र तिथंच तुटतं.

खाली बघताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मी तेव्हा फोकस बघत होतो.

ते एक्केचाळीस सेकंद संगणकावर घेतल्यावर माझा हात सवयीनं चालला. "लाडात ठेवली" नंतर कापायला अगदी नेमकी जागा होती. तिथं कात्री मारली की हसरे दाजी आणि हिरवी बाग एवढंच उरणार होतं. कोणालाही काही कळलं नसतं. सुंदर शेवट झाला असता. मी कात्री मारली, पाहिलं. मग मागं घेतलं. पुन्हा मारली. ताईला फोन करून विचारावं असंही वाटलं, पण तिनं जे सांगायचं ते सांगितलं होतं. शेवटी तुकडा अख्खा ठेवला. रंगाला हात लावला नाही.

एकसष्टीला सकाळी अकरा वाजता एकसष्ट दिव्यांनी दाजींना ओवाळलं. गावची माणसं झाडून आली होती, ते तिखट काकाही, आता काठी टेकत. मग माझा चित्रपट सुरू झाला. दाजींचे शाळेतले, लग्नातले फोटो आले, लोक ओळखून ओळखून हसत होते. शेवटी पडदा क्षणभर काळा झाला आणि भिंतीएवढी बाग आली.

"ही बारा नंबर. हिला लई लाडात ठेवली."

मी दाजींकडं पाहिलं. ते पुढं झुकले होते, त्या दिवशी तिसऱ्या रांगेत झुकले होते तसेच. मग कार्यालयाच्या चारही कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून माझा आवाज घुमला. हसू नका ना. दहा वेळा सांगितलं. पडद्यावरच्या दाजींनी मान खाली घातली, आणि चित्र तुटलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काठीवाले काका मोठ्यानं म्हणाले, "आरं, ही तं हिरवी हाय की."

मी माइक घेतला. तो शिट्टीसारखा वाजला, म्हणून भोंग्यापासून बाजूला झालो आणि दाजींच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो. घरून लिहून आणलेला कागद खिशात होता. तो काढला नाही.

"काका, ती हिरवीच होती," मी म्हणालो. "त्या साली एकही झाड गेलं नव्हतं. तुम्ही सभागृहात आणि केबलवर पाहिली, ती वाळलेली बाग मी स्टुडिओत बसून केली होती. दाजी म्हणाले होते एक झाड जाऊ दिलं नाही, मी त्यांचं बोलणं अर्ध्यात तोडलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी कुणाला फसवलं नाही, कुठलं अनुदान मागितलं नाही. मला बक्षीस हवं होतं." मी दाजींकडं वळलो. "दाजी, तुम्ही बाग जगवून हसत होता, आणि मी तुम्हाला हसू दिलं नाही. तुम्ही विचारलं होतं त्यातली आपली बाग कोणती. ही. ही आपली. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली. माझं चुकलं, दाजी. मला माफ करा."